एकाच व्हॉल्व्हवर दोन नियम : साउथ ब्राँक्स, २०१५

जुलै २०१५ च्या मध्यावर न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाला एक गोष्ट खटकली. लिजनेअर्स नावाच्या न्यूमोनियाचे रुग्ण त्या शहरात दरवर्षी असतातच. पण या वेळी नोंदी नेहमीपेक्षा जास्त होत्या आणि त्या साउथ ब्राँक्सच्या थोड्याशा भागात दाटल्या होत्या. ऑगस्ट संपता संपता हिशेब लागला तेव्हा १३८ माणसं आजारी पडली होती आणि त्यांतली १६ दगावली होती. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लिजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं, तिथे हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला आणि नावही तिथूनच पडलं. त्यानंतरची अमेरिकेतली अशी सर्वांत मोठी साथ म्हणजे ही साउथ ब्राँक्सची.

हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार श्वासातून फुप्फुसात जातात, त्या तुषारांत लिजिओनेला हा जिवाणू असतो आणि दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही ताप चढतो. म्हणजे आजारी पडलेल्यांनी काहीही चुकीचं खाल्लं-प्यायलं नव्हतं. कुणी बसस्टॉपवर उभं होतं, कुणी खिडकी उघडून बसलं होतं. साउथ ब्राँक्स ही गरीब वस्ती, दम्याचं आणि मधुमेहाचं प्रमाण तिथे आधीच जास्त. अशा माणसांच्या अंगावर एका इमारतीच्या गच्चीवरचं पाणी धुक्यासारखं उतरत होतं. ती गच्ची होती ऑपेरा हाउस हॉटेलची. जुन्या नाट्यगृहाच्या वास्तूत २०१३ साली सुरू झालेलं हॉटेल, म्हणजे तिथला कूलिंग टॉवर, एसीचं तापलेलं पाणी हवेवर थंड करणारं गच्चीवरचं यंत्र, गंजून जुनापुराणा झाला होता असंही नाही. रुग्णांच्या थुंकीतून वाढवलेला जिवाणू आणि त्या हॉटेलच्या कूलिंग टॉवरमधला जिवाणू जनुकांच्या पातळीवर एकच निघाला.

मी गेली बरीच वर्षं पुण्याच्या परिसरात चिलर प्लांटच्या, म्हणजे मोठ्या इमारतींना थंडावा पुरवणाऱ्या यंत्रणांच्या, देखभालीचं काम करतो. या प्रकरणाचा मी पुन्हा पुन्हा अभ्यास केला, त्यामागे आजाराबद्दलच्या कुतूहलापेक्षा वेगळं कारण आहे. कूलिंग टॉवर गच्चीवर आले कुठून, हे पाहायला गेलं की पाणी वाचवण्याच्या स्थानिक नियमांपाशी पोचतो. ते नियम योग्यच होते. पण त्यांची दुसरी बाजू लिहायला साउथ ब्राँक्स घडावं लागलं.

पाणी गच्चीवर का चढलं

एसी असो, बर्फाचा कारखाना असो की कोल्ड स्टोरेज, आतली उष्णता बाहेर टाकावी लागते. पाण्यावर चालणाऱ्या यंत्रात ती उष्णता कंडेन्सरमधल्या, म्हणजे यंत्राच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागातल्या, पाण्याला देतात. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे नळाचं पाणी एका बाजूने घ्यायचं, तापवायचं आणि दुसऱ्या बाजूने गटारात सोडायचं. गणित मांडून बघा. एक टन थंडाव्यामागे कंडेन्सरला साधारण ४.४ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. पाणी १० अंशांनी तापवून सोडायचं म्हटलं तर तासाला एका टनामागे पावणेचारशे लिटर पाणी लागतं. ५०० टनांचा प्लांट पूर्ण लोडवर चालला तर तासाला १,८९,००० लिटर. आपल्या भाषेत, दहा हजारी टँकरचे १९ टँकर एका तासात गटारात.

टॉवरमध्ये तेच पाणी फिरतं राहतं. वरून फवारलं जातं, खालून किंवा बाजूने पंखा हवा ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना बाकीच्याची उष्णता घेऊन जातं. वाफेत जातं ते टनामागे तासाला साडेसहा लिटर. घाण साचू नये म्हणून काढून टाकावं लागणारं पाणी धरलं तरी दहा लिटरच्या आत. म्हणजे नळाचं पाणी चाळीसएक पटीने वाचतं. कुठल्याही महापालिकेने हे गणित पाहिलं तर ती टॉवरच लावायला सांगेल, आणि सांगावंच.

न्यूयॉर्कच्या परिसरात तसंच झालं. १९३३ साली न्यूयॉर्क राज्याने लाँग आयलंडवरच्या मोठ्या विहिरी परवान्याखाली आणल्या आणि थंडाव्यासाठी उपसलेलं पाणी वापर झाल्यावर पुन्हा जमिनीत सोडायला लावलं. लाँग आयलंडच्याच टोकाला असलेल्या ब्रुकलिनमध्ये उपसा इतका झाला होता की भूजल समुद्रसपाटीच्या खाली गेलं आणि खारं पाणी आत सरकलं. पुढे १९४७ मध्ये तिथला सार्वजनिक उपसा थांबला तेव्हा पाणी वर आलं आणि काही ठिकाणी भुयारी रेल्वेतून पंप लावून काढावं लागलं. ती हकीकत इतकी मोठी आहे की तिच्यावर वेगळं लिहायला हवं. १९४९ च्या अखेरीस जलाशय इतके खाली गेले की १६ डिसेंबरच्या शुक्रवारी नागरिकांना अंघोळ आणि दाढी न करण्याचं आवाहन करावं लागलं. पिण्याचं पाणी यंत्रातून एकदा फिरवून गटारात सोडण्यावर नंतरच्या काळात निर्बंध येत गेले आणि २०१० मध्ये शहराच्या कायद्याने थंडाव्यासाठी असा वापर करण्याला मनाई केली. विहिरीचा मार्ग आवळला, नळाचा मार्ग बंद झाला. मोठ्या इमारतीला दोन पर्याय उरले. हवेवर चालणारा चिलर लावायचा आणि जास्त वीज जाळायची, किंवा गच्चीवर टॉवर चढवायचा. हजारो इमारतींनी टॉवर चढवला.

आता टॉवरच्या आत डोकावू. कंडेन्सरमधून येणारं पाणी ३५ अंशांच्या आसपास असतं, खाली हौदात उतरतं तेव्हा तीसच्या जवळ. लिजिओनेला साधारण २५ ते ४५ अंशांत आनंदाने वाढतो. वरून ऊन येतं, शेवाळ धरतं. पंखा रस्त्यावरची धूळ, झाडाचा पाला, कबुतरांची पिसं ओढून घेतो. फिलच्या, म्हणजे ज्यांवरून पाणी पसरत खाली उतरतं त्या पत्र्यांवर बोटाला लागेल असा चिकट थर धरतो, त्या थरात अमिबा राहतात आणि अमिबांच्या पोटात हा जिवाणू औषधापासून सुरक्षित बसतो. मग पंखा तेच पाणी बारीक तुषार करून आकाशात सोडतो. ड्रिफ्ट एलिमिनेटर म्हणजे नागमोडी पट्ट्यांची जी जाळी असते ती नीट बसलेली असेल तर तुषार अडतात. एक पट्टी तुटली, वाकली, किंवा साफसफाईनंतर उलटी बसली की तिथून फवारा सुटतो. मी स्वतः अशी उलटी बसवलेली पट्टी पाहिली आहे. खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांवर पांढरे ठिपके पडायला लागले म्हणून ती सापडली. क्षाराचे ठिपके दिसतात. जिवाणू दिसले नसते.

यादीच नव्हती

साउथ ब्राँक्सच्या साथीत मला सगळ्यात हादरवणारी गोष्ट ही वाटते की शहरात कूलिंग टॉवर किती आणि कुठे आहेत, याची यादी शहराकडे नव्हती. लिफ्टची नोंद होती, बॉयलरची होती. पाण्याचे तुषार सोडणाऱ्या या यंत्राची नव्हती. पाणी वाचवणाऱ्या नियमाने टॉवर लावायला भाग पाडलं, पण लावल्यावर कुणाला कळवायचं हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ब्राँक्समधल्याच को-ऑप सिटी या वसाहतीत टॉवरमुळे रुग्ण निघाले होते. तो इशारा होता, पण तो त्या वसाहतीपुरताच राहिला. त्यामुळे जुलैमध्ये माणसं रुग्णालयात दाखल होत असताना अधिकाऱ्यांना आधी गच्च्या शोधाव्या लागल्या. कुठे टॉवर आहे, चालू आहे का, चावी कुणाकडे आहे, मग नमुना घ्यायचा. प्रयोगशाळेत लिजिओनेला वाढायला दिवस लागतात, ते वेगळेच. या शोधात गेलेला प्रत्येक दिवस वस्तीवर पडणाऱ्या धुक्याचा होता.

त्यानंतर मात्र शहर वेगाने हललं, हे मान्य करायला हवं. ६ ऑगस्टला आरोग्य आयुक्त मेरी बॅसेट यांनी आदेश काढला की शहरातल्या प्रत्येक टॉवरचं १४ दिवसांत निर्जंतुकीकरण करा. १८ ऑगस्टला महापौर बिल द ब्लासिओ यांनी २०१५ चा स्थानिक कायदा क्रमांक ७७ सही करून अमलात आणला. टॉवरची इमारत विभागाकडे नोंदणी करायची, चालू असताना दर ९० दिवसांच्या आत तपासणी करायची, देखभालीची लेखी योजना ठेवायची, वर्षाला पात्र माणसाकडून प्रमाणपत्र घ्यायचं. नाही केलं तर दंड. साथ सरल्याचं २० ऑगस्टला जाहीर झालं. नोंदणी झाली तेव्हा पाच-सहा हजारांच्या घरात टॉवर निघाले.

मला विचाराल तर या कायद्यातली सगळ्यात मोलाची ओळ नोंदणीची आहे. दंड, प्रमाणपत्र, चाचणी हे सगळं त्या ओळीवर उभं आहे. जे मोजलेलं नाही ते तपासणार कसं?

धुतलेला टॉवर

सप्टेंबर संपत आला तेव्हा ब्राँक्सच्याच मॉरिस पार्क भागात पुन्हा रुग्ण निघाले. १५ आजारी, एक मृत्यू. तिथल्या इमारतींवरच्या ३५ टॉवरांपैकी १५ मध्ये लिजिओनेला सापडला. आणि हे सगळे टॉवर आयुक्तांच्या आदेशानुसार दोन महिन्यांच्या आत निर्जंतुक केलेले होते.

माझ्या धंद्यातल्या माणसाने ही घटना पाठ करून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे वर्षातून एकदा, फार तर दोनदा टॉवर ‘धुवून घेतात’. एजन्सीची माणसं येतात, हौद रिकामा करतात, गाळ काढतात, क्लोरीन मारतात, फोटो काढून रिपोर्ट देतात. तो रिपोर्ट फाइलला लागला की सगळ्यांना हायसं वाटतं. मॉरिस पार्कने दाखवलं की एकदा मारलेलं क्लोरीन चिकट थराच्या आत पोचत नाही. वरवरचे जिवाणू मरतात, थरातले राहतात आणि पाणी पुन्हा कोमट झालं की पुन्हा वाढतात. टॉवर स्वच्छ ठेवणं हे रोजचं काम आहे, दात घासण्याइतकं रोजचं.

शहरानेही तोच धडा घेतला. २०१६ मध्ये आरोग्य विभागाने जे सविस्तर नियम केले त्यात औषध रोज जाईल अशी व्यवस्था, आठवड्याला एकूण जिवाणूंची तपासणी, वर्षातून किमान दोन वेळा पूर्ण सफाई आणि ९० दिवसांच्या आत लिजिओनेलाची प्रयोगशाळेतली चाचणी आली. चाचणीच्या आकड्यावर कृती ठरलेली आहे. एका मिलिलिटरमध्ये जिवाणूच्या १० पेक्षा कमी वसाहती असतील तर चालू काम चालू ठेवा. त्याच्या वर गेलं की २४ तासांत निर्जंतुकीकरण आणि काही दिवसांत पुन्हा नमुना. हजारावर गेलं तर २४ तासांत विभागाला कळवा आणि पूर्ण टॉवर रिकामा करून साफ करा. या तक्त्याचा मोठा गुण म्हणजे ऑपरेटरला साहेबाला विचारत बसावं लागत नाही. आकडा आला की काय करायचं ते लिहिलेलं आहे.

आणि याच नियमांत एक कलम आहे जे आपल्या दृष्टीने फार मोलाचं. साठवलेलं पावसाचं पाणी किंवा पुनर्वापराचं पाणी टॉवरमध्ये भरायचं असेल तर त्यासाठी वेगळी लेखी योजना हवी आणि ती आरोग्य विभागाकडून मंजूर व्हायला हवी. म्हणजे पाणी वाचवण्याचा मार्ग बंद केलेला नाही, पण त्या वाटेवर एक दार बसवलं आहे आणि त्या दाराची किल्ली आरोग्य विभागाकडे आहे. पाणी वाचवणारा हात आणि आजार रोखणारा हात एकमेकांना भेटतात अशी ही या प्रकरणातली मला दिसलेली पहिली जागा.

तरीही नियम अपुरा पडला. २०१८ मध्ये लोअर वॉशिंग्टन हाइट्समध्ये एकाच टॉवरमुळे जुलैमध्ये एकदा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा अशा दोन साथी झाल्या. सफाई झाली होती, जिवाणू परतला. २०२५ च्या उन्हाळ्यात सेंट्रल हार्लेममध्ये ११४ जण आजारी पडले आणि सात जण गेले. त्यानंतर शहराने चाचणीचं अंतर ९० दिवसांवरून एक महिन्यावर आणलं. ९० दिवस हे अंतर मला कधीच पटलं नव्हतं. उन्हाळाच जेमतेम तेवढा असतो. एक नमुना हंगामाच्या सुरुवातीला आणि एक शेवटाला घेतला तर मधले आठवडे कोण बघतं?

आपल्याकडचा व्हॉल्व्ह

इथून पुढचं मी माझ्या अनुभवातून लिहितो. जागेचं नाव लिहीत नाही.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. एका इमारतीचा ५०० टनांचा प्लांट. बोअर आटलेलं, टँकरची वाट बघायची, आणि उरलेली गरज इमारतीच्याच एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, पाण्यावर. टॉवरमध्ये एक ब्लोडाउन व्हॉल्व्ह असतो. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात. म्हणून थोडं पाणी सतत काढून ताजं भरावं लागतं. क्षार मूळच्या तिप्पट होऊ दिले तर वाफेच्या निम्मं पाणी काढावं लागतं. पाचपट होऊ दिले तर पाव. दहा तास पूर्ण लोडवर चालणाऱ्या त्या प्लांटला वाफेतच ३२,५०० लिटर जात होतं. तिप्पटीवर सोळा हजार लिटर काढायचं, पाचपटीवर आठ हजार. फरक आठ हजार लिटरचा, म्हणजे जवळपास एक टँकर. रोजचा.

मी सकाळी गेलो तेव्हा पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर तीन हजारांच्या वरचा आकडा होता. बोअरचं पाणी सहाशेच्या घरातलं, त्यात एसटीपीचं मिसळलेलं. हौदाजवळ उभं राहिलं की तळ्याकाठचा कुबट वास येत होता. फिलच्या खालच्या कडेला हात लावला तर बोटाला हिरवट-करडा थर आला, नाकाच्या शेंबडासारखा. ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होता.

“मामा, हा कधी बंद केला?” मी विचारलं. मामा म्हणजे आमचे ऑपरेटर, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे.

“साहेब, गुरुवारी. टँकर एकच आला. वरून फोन आला पाणी कमी वापरा म्हणून. मग काय करणार, जे वाया जातंय ते बंद केलं.”

त्यांच्या बोलण्यात कुठेही चूक नव्हती. त्यांना पाणी वाचवायला सांगितलं होतं आणि त्यांनी डोळ्यांना दिसणारं गटारात जाणारं पाणी थांबवलं होतं. चूक माझी होती. तो व्हॉल्व्ह कशासाठी आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आमच्या रजिस्टरमध्ये किती टँकर आले याचा रकाना होता, वीज किती जळली याचा होता. ब्लोडाउन किती, क्लोरीन किती, जिवाणूंची चाचणी कधी, याचा नव्हता. क्षार वाढले की पीएच चढतो आणि चढलेल्या पीएचला क्लोरीन दुबळं पडतं, हे मला माहीत होतं. वहीला माहीत नव्हतं.

त्या दिवशी एक चिलर बंद ठेवला, दुपारी लोकांनी उकाड्याबद्दल तक्रारी केल्या, त्या ऐकून घेतल्या. हौद उपसला, गाळ निघाला तो दोन मोठ्या घमेल्यांएवढा. लोड कमी झाल्यामुळे आलेल्या एकाच टँकरवर दोन दिवस निघाले. पाणी वाचवण्याचा तोही मार्ग असतो, लोड कमी करण्याचा, पण तो कुणी सुचवत नाही. एसटीपीचं पाणी आम्ही त्यानंतर फिल्टर आणि क्लोरिनेशननंतरच घ्यायला लागलो आणि महिन्याला प्रयोगशाळेत नमुना पाठवायला लागलो. पहिला रिपोर्ट हातात येईपर्यंत मला नीट झोप लागली नाही. टॉवरच्या खालीच शाळेच्या बसचा थांबा होता.

साउथ ब्राँक्सचं प्रकरण मी वाचलं ते त्यानंतर. वाचताना सतत मामांचा तो हात डोळ्यांपुढे येत होता, व्हॉल्व्हच्या चाकावर ठेवलेला. न्यूयॉर्कमध्ये पाणी सांभाळणारं खातं, इमारतींची नोंद ठेवणारं खातं आणि आरोग्य खातं वेगवेगळं आहे, आपल्याकडेही तसंच. पण पाणी वाचवण्याचा आदेश आणि पाणी स्वच्छ ठेवण्याचा आदेश शेवटी एकाच माणसाच्या एकाच हाताशी येऊन थांबतो. त्याला दोन्ही आदेश दिले नाहीत, तर तो ऐकू आलेला एकच पाळेल. टँकरवाल्या शहरात ऐकू येतो तो पाण्याचा.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. ज्या महापालिका मोठ्या इमारतींना पुनर्वापराचं पाणी वापरायला सांगतात, त्यांनी ते पाणी टॉवरमध्ये जातंय का हे त्याच अर्जात विचारावं. टॉवर कुठल्या गच्चीवर, किती टनांचा, कुणाच्या देखभालीत, याची नोंद घ्यावी. क्षार मूळच्या किती पटीपर्यंत चढू द्यायचे आणि जिवाणूंची चाचणी किती दिवसांनी, हे पाण्याच्या बचतीच्या आकड्याशेजारीच लिहून घ्यावं. साउथ ब्राँक्समध्ये गच्च्या शोधण्यात जे दिवस गेले ते एका यादीने वाचले असते.

त्या प्लांटच्या रजिस्टरला आता चार रकाने वाढले आहेत. मामा निवृत्त झाले, पण जाण्याआधी त्यांनी नवीन मुलाला शिकवलं ते मी ऐकलं. तो ब्लोडाउनच्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवून म्हणाला, “मामा, हे पाणी वाया जातंय ना?” मामांनी त्याला हौदाशी नेलं, वाकायला लावलं आणि फिलच्या कडेवर बोट फिरवायला सांगितलं. बोट स्वच्छ आलं. “गटारात जातंय ना, त्याच्यामुळे हे असं आहे,” मामा म्हणाले आणि त्याच्या हातात वही दिली, आकडा लिहायला.